वृद्धांचे घर आणि जागती यंत्रे

मनुष्याचे आयुर्मान वाढले, ही आधुनिक विज्ञानाची मोठी देणगी होय. परंतु तिच्याबरोबर एक नवी चिंताही आली आहे. मुले कामधंद्यासाठी दूरच्या शहरी राहतात आणि वृद्ध आईवडील जुन्या घरी एकटे असतात. त्यांना रात्री-अपरात्री काही झाले, तर ते कळावे कसे? २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्ती १० कोटींहून अधिक होत्या. या चिंतेला जपानला आपल्याआधी तोंड द्यावे लागले. म्हणून तेथील एका साध्या उपकरणापासून आरंभ करू.

१९९६ साली टोकियोत एक वृद्ध माता व तिचा आजारी मुलगा राहत्या घरीच मरण पावले आणि कित्येक दिवस ही गोष्ट कोणास कळली नाही. पुढे २००१ साली झोजिरुशी या कंपनीने पाणी उकळण्याचे एक विजेचे भांडे बाजारात आणले. जपानी घरांत दिवसातून अनेकदा चहा होतो. या भांड्यातून पाणी घेतले की आतील बिनतारी यंत्र त्याची नोंद पाठवी आणि दिवसातून दोनदा ती दूरच्या मुलास ई-मेलने मिळे. चहाचे पाणी घेतले गेले, म्हणजे आई उठली आहे, हिंडती-फिरती आहे, एवढे त्यावरून समजे.

या भांड्याचा खरा गुण असा की, ते फार थोडे जाणते. आई कोणाशी बोलली, काय जेवली, हसली की रडली, यांपैकी काहीच त्यास ठाऊक नसते. मात्र ती पडली, तर तेही त्यास तत्काळ कळत नाही. त्यासाठी गळ्यात किंवा मनगटावर बांधावयाची धोक्याची कळ निघाली. ती दाबली की मदत येते. परंतु इंग्लंडमधील केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्या लोकांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. एकटे असताना पडलेल्या ज्या व्यक्तींपाशी अशी सोय होती, त्यांपैकी सुमारे ८० टक्के व्यक्तींनी ती वापरलीच नाही. आपले आपणच उठावे, ही इच्छा त्यामागील एक कारण होते.

मग कळ दाबण्याची वाट न पाहता यंत्रानेच लक्ष ठेवावे, असा विचार पुढे आला. गादीखालील पट्टी मनुष्य अंथरुणात आहे की नाही ते ओळखते. रडार शरीरावरून परतणाऱ्या रेडिओलहरींवरून हालचाल ताडते. त्यास चेहरा दिसत नाही. कॅमेऱ्यास मात्र सर्वच दिसते. नीतीचा प्रश्न उभा राहतो तो येथे.

अशी कल्पना करा की, मधुमेह असलेल्या आईने दुपारी एक लाडू खाल्ला आणि सायंकाळी मुलाचा रागाचा फोन आला. दुसऱ्या दिवसापासून ती कॅमेऱ्याची नजर चुकवून खाऊ लागेल, शेजारीण आली तर हळू बोलेल. तिची सुरक्षितता कदाचित वाढली असेल. पण स्वतःच्याच घरात ती पाहुण्यासारखी वावरू लागली. येथे यंत्राने कोणाची गरज भागवली? आईची, की मुलाच्या काळजीची?

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने केलेल्या कायद्यात, संमती स्वखुशीने व समजून दिलेली असावी आणि ती परत घेता यावी, असे तत्त्व आहे. तथापि एखाद्या व्यक्तीने निव्वळ घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजे मुलगा आणि आई यांच्यामधील प्रश्न बव्हंशी सदसद्विवेकावरच सोपवलेला आहे.

हा विवेक कसा करावा? ज्या कामासाठी यंत्र बसवावयाचे, त्यास पुरेल एवढीच माहिती त्याने घ्यावी. पडल्याची वर्दी हवी असेल, तर चित्राची गरज नाही. ती माहिती कोणाकोणास मिळणार, हे वृद्धास आधी सांगावे. यंत्र बंद करण्याची कळ त्याच्या हाताशी असावी. स्मृतिभ्रंशाची चाहूल लागली असेल, तर मनुष्य आपली इच्छा सांगू शकतो तोवरच ती विचारून घ्यावी. पुढे शब्द हरपले, तरी यंत्रापाशी त्याची होणारी घालमेल हे त्याचे मतच मानावे.

चहाचे पाणी उकळले, ही वार्ता यंत्र कितीही दूर पोहोचवील. तो चहा आईने एकटीने घेतला की कोणाच्या सोबतीने, ही विचारपूस मुलांनीच करावयाची आहे. म्हणून असे यंत्र घरी आणण्यापूर्वी ज्याच्यासाठी ते आणावयाचे, त्याच्यापाशी बसावे, ते काय करते हे त्यास दाखवावे आणि त्याने नको म्हटले, तर ते का नको, हे शांतपणे ऐकून घ्यावे.