प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबतात?

वर्गात प्रश्न विचारला जातो, पहिल्या बाकावरून लगेच उत्तर येतं आणि तास पुढे सरकतो. मनात उत्तर जुळवत असलेलं मूल मात्र मागेच राहतं.

अमेरिकन संशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग्ज तपासली. १९७४ मध्ये त्यांनी मांडलं की, प्रश्नानंतर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबतात. ही वेळ ३ सेकंदांवर नेल्यावर उत्तरं सविस्तर झाली आणि मागे पडणारी मुलंही बोलू लागली.

हे तपासायचं कसं? शिक्षकाने आपलाच एक तास मोबाइलवर रेकॉर्ड करावा. ऐकताना दोनच गोष्टी टिपाव्यात: आपण किती थांबलो आणि उत्तर कोणी दिलं. तीच तीन-चार नावं ऐकू आली, तर दुसऱ्या दिवसापासून मनात तीनपर्यंत मोजून मगच नाव घ्यावं.