चारही चाकं माझ्या नावावर

मैत्रिणींनो, आज एक साधा प्रश्न विचारते. तुमच्या घरात तुमच्या स्वतःच्या नावावर काय काय आहे? रेशनकार्डावर पहिलं नाव असेल, गॅसचं पुस्तक असेल, बचत गटाचं पासबुक असेल. एखादीच्या नावावर घरही असेल. पण गाडी? आणि तीसुद्धा अशी, की जिचा घरात कुणालाच फारसा उपयोग नाही, फक्त आपल्याला ती आवडते म्हणून घेतलेली?

माझ्या नावावर आहे. २०१४ सालची, दुसऱ्याच्या हाताखालून आलेली, चारही चाकांनी ओढणारी जिप्सी!

मी तळेघरला राहते. मंचर, घोडेगाव करत डिंभे धरण मागं टाकलं आणि पोखरीचा घाट चढून वर आलं की भीमाशंकरच्या वाटेवर आमचं गाव लागतं. उन्हाळ्यात हिरडा, पावसाळ्यात भाताची आवणी आणि चार महिने नुसतं धुकं. माझी शाळा गावापासून आत, एका वाडीवर. शेवटचा रस्ता तांबड्या मातीचा. पावसात स्कूटीचं चाक अर्धं आत जायचं. मग चपला हातात, साडी गुडघ्यापर्यंत आणि चालत शाळेत. पोरं खिडकीतून बघून हसायची.

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मी घरात हेच सांगितलं. शाळेला जायला लागते, सासूबाईंना घोडेगावच्या दवाखान्यात न्यायला लागते, भाताचं बी-खत आणायला होईल. सगळी कारणं खरी होती. पण खरं कारण निराळंच होतं आणि ते सांगायला मला चक्क लाज वाटत होती.

कारण सांगायची सवय

आपलं असंच असतं, नाही? नवऱ्यानं मोटारसायकल बदलली तर त्याला कुणी ‘कशाला’ म्हणून विचारत नाही. ‘आवडली, घेतली’ एवढं पुरतं. आपण मिक्सर घेतला तरी आधी त्याचा उपयोग पटवून द्यायचा. आपल्याला एखादी वस्तू नुसतीच आवडू शकते, हे आपण स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही.

मला ती गाडी पहिल्यांदा दिसली ती शाळेत असताना. वनखात्याची जिप्सी आमच्या डोंगराकडच्या वाटेनं, जिथं बैलगाडीसुद्धा अडायची, तिथून सरसर वर चढून गेली. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. तेव्हापासून डोक्यात बसलेली. पुढं डी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. गाडी मनातून गेली नाही.

चारचाकीची चारही चाकं ओढत नाहीत

चार चाकांची गाडी म्हणजे चारही चाकांना जोर असणार, असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आपल्या नेहमीच्या छोट्या गाड्यांमध्ये इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना मिळतो. टेम्पोसारख्या गाड्यांमध्ये मागच्या दोन चाकांना. उरलेली दोन नुसती सोबत येतात, वरातीतल्या पाव्हण्यांसारखी! जोराची चाकं चिखलात रुतली की ती जागेवर फिरत बसतात आणि गाडी हलत नाही.

फोर व्हील गाडीत जोर चारही चाकांकडं जातो. दोन रुतली तरी दुसरी दोन ओढतात. जिप्सीत मुख्य गिअरशेजारी आणखी एक छोटा दांडा असतो. रोजच्या डांबरी रस्त्यावर तो दोन चाकांवर ठेवायचा, चिखल लागला की चार चाकांवर घ्यायचा. अगदीच अवघड चढ असेल तर गाडी थांबवून ‘लो’ मध्ये. मग ती गोगलगाईसारखी हळू पण न थांबता चढते. पहिल्यांदा शाळेच्या चढावर मी तो दांडा ओढला आणि गाडी गुपचूप वर गेली, तेव्हा मला एकटीलाच इतकं हसू आलं की पोरं म्हणाली, “बाई, काय झालं?”

आपल्या देशात या गाड्यांची परंपरा जुनी आहे. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. मारुतीची जिप्सी आली १९८५ मध्ये. १९९६ मध्ये तिला मोठं, तेराशे सीसीचं इंजिन मिळालं. फौजेत, पोलिसांत, जंगलात तीच. आणि गंमत म्हणजे शर्यतींमध्येही तीच! १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘रेड द हिमालय’सारख्या रॅलींमध्ये जिप्सी वर्षानुवर्षं पळाली. वजनाला हलकी, चारही चाकांचा जोर आणि दुरुस्ती कुठंही होणारी. म्हणजे परदेशात श्रीमंतांकडं ज्या चार चाकी जोराच्या स्पोर्ट्स कार असतात, त्यांची आपली गरीब बहीणच म्हणा! २०१९ च्या सुमारास ती सर्वसामान्य गिऱ्हाइकांसाठी बंद झाली. त्यामुळं आता हौस असेल तर जुनीच शोधावी लागते.

फुलं पिकवणाऱ्याची लेक

या गाड्यांविषयी वाचता वाचता मला एका बाईची ओळख झाली. मिशेल मूटॉन तिचं नाव. फ्रान्समधल्या ग्रास गावची, जिथं अत्तरासाठी फुलं पिकवतात. तिच्या घरीही गुलाब आणि जाईची शेती. तिला गाड्या पळवायची हौस. वडिलांनी तिला चांगली गाडी घेऊन दिली आणि सांगितलं, वर्षभरात करून दाखव.

१९८० मध्ये ऑडी कंपनीनं ‘क्वात्रो’ नावाची चारही चाकांना जोर देणारी स्पोर्ट्स कार काढली. तोवर असली यंत्रणा जीप-ट्रकसाठीच असते, असं मानलं जायचं. ती क्वात्रो घेऊन मिशेलनं १९८१ मध्ये इटलीतली सान रेमो रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेतली फेरी जिंकणारी ती पहिली बाई. शेजारच्या सीटवर वाट सांगायला होती फाब्रिझिया पोन्स, तीही बाईच! पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, मिशेलनं पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील अशा तीन फेऱ्या जिंकल्या आणि जगात दुसरी आली. त्याच वर्षी आयव्हरी कोस्टची रॅली सुरू होण्याच्या तोंडावर तिचे वडील गेले. तरीही ती गाडीत बसली.

तिची गाडी कुठं, माझी कुठं! पण बर्फ असो, चिखल असो, चारही चाकांनी जमीन पकडली की हातात जो विश्वास येतो, तो तिचा आणि माझा एकाच जातीचा असणार, असं मला उगीचच वाटतं.

“साहेबांचं आधार कार्ड द्या”

पैसे उभे केले ते असे. भिशीचा नंबर लागला होता. त्यात आईनं लग्नात घातलेल्या दोन पाटल्या मोडल्या. यावरून घरात चार दिवस अबोला. यांचं म्हणणं, “एवढ्यात थोडं कर्ज काढलं तर नवी छोटी गाडी येईल. एसी असेल, अ‍ॅव्हरेज देईल.” चुकीचं नव्हतं ते. जिप्सी पेट्रोल पिते. पाट्यांवरची गाडी, खड्ड्यात कंबर सांगते. स्टिअरिंग जड. मागं समोरासमोर बाकं, त्यावर बसणारे एकमेकांच्या गुडघ्यात. हे सगळं मला माहीत होतं. पण नवी गाडी घेतली असती तर ती ‘आपली’ झाली असती. मला ‘माझी’ हवी होती.

गाडी बघितली, ठरवली. कागदपत्रांसाठी एजंटकडं गेलो. तो सरळ यांच्याकडं बघून म्हणाला, “साहेबांचं आधार कार्ड द्या.”

मी म्हणाले, “गाडी माझ्या नावावर करायची आहे.”

“मॅडम, साहेबांच्या नावावर असली की सोपं पडतं.”

“काय सोपं पडतं?”

त्याला सांगता येईना. मी यांच्याकडं बघितलंच नाही, टेबलाकडं बघत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी हे ‘राहू दे गं’ म्हणाले असते, तर मी गप्प बसले असते. आणि मग आयुष्यभर ती गप्प बसणं विसरले नसते. पण हे म्हणाले, “तिनं घेतलीय. तिच्याच नावावर करा.”

अबोला तिथंच संपला.

माझी फजिती

आता फजितीही सांगायला हवी. पहिल्या आठवड्यात मी ऐटीत कोरड्या डांबरावरही गाडी चार चाकांवरच ठेवली. घोडेगावात वळवताना स्टिअरिंग दगडासारखं, टायर कुरकुरतायत, गाडी धक्के देतेय. मिस्त्री हसला. वळताना पुढची चाकं लांबचा फेरा मारतात आणि मागची जवळचा. जिप्सीत दोन्हींना एकाच वेगानं बांधलेलं असतं. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भागवतं, कोरड्या डांबरावर भागत नाही. क्वात्रोसारख्या गाडीत हा फरक सांभाळायला मध्ये वेगळं यंत्र असतं, म्हणून ती कायम चारही चाकांवर चालते. आपली नाही.

दुसरी फजिती मोठी होती. पहिला वळवाचा पाऊस. डांबरावरची धूळ आणि तेल वर आलेलं. पोखरीच्या घाटात उतारावर मी जरा जोरातच होते. फोर व्हील आहे ना, काय होतंय! ब्रेक दाबला आणि गाडी सरकत गेली ती डोंगराकडच्या गटारात. दरीकडं गेली असती तर आज हा लेख नसता. भाजी नेणाऱ्या एका पिकअपवाल्यानं टोचन लावून बाहेर काढली. जाताना म्हणाला, “ताई, चार चाकं ओढायला असतात. थांबायला नसतात.”

ते वाक्य मी मनात कोरून ठेवलंय. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात. थांबताना माझी गाडी इतरांपेक्षा काही शहाणी नाही. आणि आमच्या भागात डोंगराशी मस्ती करायचीच नसते. ३० जुलै २०१४ ला माळीणवर डोंगर कोसळला आणि १५१ माणसं गेली. त्यानंतर धो धो पाऊस लागला की माझी गाडी दारातच उभी असते. आवड असली तरी तिला वेसण हवी.

कुठं चाललीस?

गाडी येऊन आता काही वर्षं झाली. शाळेची वाट सोपी झाली, सासूबाईंचा दवाखाना होतो, खताची पोतीही येतात. म्हणजे मी सांगितलेली सगळी कारणं खरी ठरली. पण रविवारी सकाळी, घरचं आवरलं की मी किल्ली घेते आणि निघते. निगडाळ्याच्या बाजूला जाते, धुक्यात काच खाली करून थोडा वेळ थांबते, परत येते. बस्स.

परवा सासूबाईंनी ओट्यावरून हाक मारली, “कुठं चाललीस गं?”

नेहमीप्रमाणे काहीतरी कारण जिभेवर आलं होतं. मिरच्या आणायच्यात, नाहीतर गॅरेजला दाखवायचीय. पण म्हटलं, “कुठं नाही आई. अशीच.”

लहानपणी हिरड्याचं ओझं डोक्यावर घेऊन पायी बाजाराला गेलेली ती बाई. क्षणभर बघत राहिल्या. मग पदर खोचत उठल्या.

“थांब मग. मीबी येते अशीच.”

चौकट : जुनी फोर व्हील घेताना

• आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा. कर्ज बाकी असल्याची नोंद आरसीवर असेल, तर बँकेचं पत्र घेऊन ती आधी उतरवून घ्या.

• गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसीही लागते. विमाही आपल्या नावावर करायला विसरू नका.

• खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. गाडी किती सालची आहे, हे बघूनच भाव करा.

• खाली वाकून चॅसी बघा. वरून रंग नवा आणि खाली गंज, असं पुष्कळदा असतं.

• मातीच्या रस्त्यावर नेऊन फोर व्हील खरंच लागते का, ते बघा. डांबरावर बघू नका.

• मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. पुढच्या चाकातून ‘टक टक’ आवाज आला तर सांधा झिजलाय, असं समजा.

• चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. दोन नवे, दोन गुळगुळीत असले तर आतल्या यंत्रावर ताण येतो.

• विकणाऱ्याचा नव्हे, आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. आणि आधार कार्ड स्वतःचं न्या!