टपाल-इतिहाससंग्रह

जुनी पत्रे, पाकिटे व त्यांवरील शिक्के यांच्या आधारे टपालाचा मार्ग, हशील, वाहतुकीचे साधन आणि प्रवासाचा काळ यांचा मागोवा घेणारा संग्रहप्रकार. तिकिटसंग्रहात तिकीट ही स्वतंत्र वस्तू मानली जाते. येथे मात्र संपूर्ण पत्र हाच पुरावा असतो.

मुंबई–पुणे टपालमार्ग हे याचे महाराष्ट्रातील चांगले उदाहरण होय. लोहमार्गापूर्वी मुंबईचे टपाल खाडीतून पनवेल बंदरात येई व तेथून बोरघाटमार्गे पुण्यास जाई. १८३० मध्ये घाटातील गाडीरस्ता खुला झाल्यावर पनवेल–पुणे टप्प्यावर टपालगाडी धावू लागली. लोहमार्ग १८५६ मध्ये मुंबईकडून खोपोलीपर्यंत व १८५८ मध्ये पुण्याकडून खंडाळ्यापर्यंत आला. १८६३ मध्ये घाटातील लोहमार्ग पूर्ण होताच या टपालातील पनवेलचे महत्त्व ओसरले.

या मार्गावरील आरंभीच्या पत्रांवर तिकिटे नसतात. कागदाची घडी घालून तो लाखेने बंद करीत व हशील अंतर आणि वजन यांनुसार रोखीने आकारीत. ते आगाऊ भरले, की घेणाऱ्याकडून वसूल करावयाचे, हे शिक्क्यावरून कळते. रवानगीची व पोहोचेची तारीख ताडून पाहिल्यास प्रवासाचे दिवस निघतात. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास देशात कोठेही अर्धा आणा हा दर लागू झाला, तेव्हा अंतराचा हिशेब संपला. व्यापाऱ्यांच्या मोडी पत्रांत मजकूर व टपालखुणा एकत्र मिळत असल्याने त्यांचे मोल दुहेरी असते.

दुर्गम प्रदेशांतील टपालास संग्राहकांत विशेष मागणी असते. पॅसिफिक महासागरातील टोंगाच्या निउआफोओऊ बेटास बंदर नव्हते. त्यामुळे पत्रे डब्यात बंद करून जहाजावरून समुद्रात टाकीत व बेटवासी ती पोहत जाऊन आणीत. पुढे त्या पाकिटांवर खास शिक्के उमटवून ती संग्राहकांसाठीच धाडली जाऊ लागली. असे हौसेचे टपाल आणि गरजेपोटी धाडलेले पत्र यांत अभ्यासक भेद करतात. दुसऱ्यातूनच त्या काळचा प्रत्यक्ष व्यवहार कळतो.

पाकिटावरील तिकीट कापून वा भिजवून काढल्यास शिक्का तुटतो, पत्ता व मार्ग यांचा संबंध नाहीसा होतो आणि पुरावा कायमचा नष्ट होतो. जुन्या दप्तरांची विल्हेवाट लावताना अशी हानी पुष्कळदा होते. म्हणून पत्र अखंड ठेवणे, ते आम्लरहित कागदात जपणे व ते कोठून मिळाले याची नोंद करणे आवश्यक असते. बनावट शिक्के ओळखण्यासाठी तारीख, दर व मार्ग यांचा परस्परमेळ तपासतात.