गावाभोवती दऱ्या, संगणकात दर्या

आम्ही संगणकाच्या आज्ञावली लिहून पोट भरणारी माणसे. बेळगावहून रात्रीची गाडी धरायची, पुणे नाहीतर बेंगळूर गाठायचे, दोन दिवस संमेलनात बसायचे आणि गळ्यात ओळखपत्र, हातात पिशवी घेऊन परतायचे. बेंगळूरचे 'फॉस डॉट इन' २०१२ नंतर थांबले. २००९ साली तेथेच सुरू झालेले 'पायकॉन इंडिया' पुढे इतर शहरांतही भरू लागले. व्यासपीठावरून आम्ही एक गोष्ट नेहमी ऐकली. भारतीय भाषांचा प्रश्न म्हणे सुटला. युनिकोड १९९१ पासून आहे, त्यात देवनागरी आहे, फॉन्ट फुकट मिळतात. टाळ्या आम्हीही वाजवल्या.

मग खानापूर तालुक्यातल्या एका वाचनालयाचे बोलावणे आले.

सभांची इतिवृत्ते, सभासदांची यादी, जेवणावळींचे हिशेब, सारे १९९८ पासून संगणकावर. तो संगणक कायमचा बंद पडला. फाइली कुणी शहाण्याने सीडीवर उतरवल्या होत्या. फॉन्ट मात्र संगणकाबरोबर गेला. नव्या संगणकावर फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्या काळचे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या घरात मराठीचे तुकडे बसवीत. फॉन्ट आहे तोवर मराठी, नाही तर कचरा.

मूळ सीडी कपाटात सापडली. पण ती बसवायला संगणकाच्या पाठीमागे एक कुलूप खोचावे लागे. कुलूप होते, ते खोचायचे भोक नव्या संगणकाला नव्हते! दोन दिवस यातच गेले. अखेर बेळगावात लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाच्या माळ्यावरच्या संगणकात तो फॉन्ट मिळाला.

अक्षरे दिसू लागली. ती युनिकोडमध्ये आणणे बाकी होते. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाईप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार नेमका उलटा, जुन्यात अक्षरानंतर, नव्यात आधी. ही अदलाबदल करणारी आज्ञावली आम्ही लिहिली आणि खुशीत पाने छापून दिली.

वाचनालयाच्या निवृत्त गुरुजींनी चष्मा वर केला. "अरे, आपल्या गावाभोवती दर्या कधी आला? दऱ्या आहेत. आणि हे बघ, आचाऱ्यास दिलेले पैसे तू आचार्यास दिलेस."

चूक आमचीच. मराठीचा तो अर्धा, आडवा र आम्ही सरसकट रफार करून टाकला होता. युनिकोडमध्ये त्यासाठी नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडावा लागतो. गंमत अशी की हा ऱ देवनागरीत ठेवला आहे तो दक्षिणेकडच्या भाषांतला एक र लिहून दाखवता यावा म्हणून. आपला 'वाऱ्या'तला र त्याच्याच खांद्यावर बसून चालतो. सीमेवरच्या माणसाला याचे नवल वाटू नये.

पुढे बेंगळूरच्या एका छोट्या मेळाव्यात आम्ही हीच कथा सांगितली. सभागृहात पंधरावीस जण असतील. एक कन्नड मित्र उठून म्हणाला, "आमचा अर्कावत्तूही असाच छळतो." त्यांच्याकडेही जुन्या फॉन्टात अडकलेली दप्तरे पडून होती. इनस्क्रिप्ट कळफलकावर कन्नडचा ಕ आणि मराठीचा क एकाच कळीवर असतात, हे त्याला ठाऊक होते. आमच्या मराठी मंडळींना सांगावे लागले. मोठ्या संमेलनांच्या भाषणांपेक्षा त्या दुपारचा आम्हाला अधिक उपयोग झाला, हे मोकळेपणाने सांगतो.

वाचनालयाची पाने दुरुस्त झाली. गुरुजी अजून एकेक पान ताडून पाहत आहेत. २००३ पर्यंत आले आहेत. देणगीदारांच्या यादीतली काही आडनावे आता त्यांनाच विचारून लावावी लागतील.

वाचकहो, आपल्या मंडळाचा, सोसायटीचा, शाळेचा जुना संगणक भंगारात द्यायचा असेल तर फाइलींबरोबर त्यातला फॉन्टही उतरवून घ्या. दोन्ही एकाच ठिकाणी ठेवा आणि एक पान कागदावर छापून त्यासोबत जोडा. पुढे ताडून पाहायला तेवढे एक पान पुरते.