खिशात पेनड्राइव्ह, बॅग पोटावर

‘लिनक्स? आपल्याला नाही बुवा झेपत!’ असं डोंबिवली फास्टमध्ये उभ्याने टाइप करणारा बहुधा ते लिनक्सवरच टाइप करत असतो. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचाच. जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटरही नोव्हेंबर २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर. घोडं अडतं ते लॅपटॉप घेताना.

तेही मुख्यतः वायफाय आणि ग्राफिक्सपाशी. वायफाय कार्ड इंटेलचं असेल तर सहसा निर्धास्त. ब्रॉडकॉमचं निघालं, तर ड्रायव्हर शोधण्यात रविवार गेलाच म्हणून समजा. ग्राफिक्सवरून तर २०१२ मध्ये खुद्द लिनक्सच्या जनकाने, लिनस टोरवाल्ड्सने, फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात, कॅमेऱ्यासमोर, एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं! दहा वर्षांनी कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. तरी गेम किंवा एआय मॉडेल चालवायची नसतील, तर वेगळं ग्राफिक्स कार्ड नकोच. बॅटरी जास्त पुरते.

ठाणे-कल्याण पट्ट्यातली खरी मजा सेकंडहँडमध्ये. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणजे ऑफिसातून निघालेले सातव्या पिढीचे ठणठणीत लॅपटॉप एका फटक्यात ‘जुने’ झाले. लिनक्सला त्याचं सोयरसुतक नाही. घासाघीस करायला याहून चांगला मुद्दा कुठला? वाचलेल्या पैशात रॅम १६ जीबी करून घ्या; डॉकर आणि ब्राउझर मिळून ८ जीबी कधी फस्त करतात कळत नाही.

सेकंडहँडमधला लाडोबा म्हणजे २०१८ चा थिंकपॅड टी४८०. बॅटऱ्या दोन: एक आत, एक मागे. मागची बॅटरी लॅपटॉप चालू असतानाच काढून दुसरी लावता येते. रॅमचे स्लॉटही दोन. पुढच्या टी४९० मध्ये मागची बॅटरी गेली आणि एक रॅम बोर्डालाच चिकटली. प्रगती म्हणतात ती हीच!

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा फेडोरा टाकून न्या. ‘काका, दहा मिनिटं देता?’ म्हणायचं, चालू करताना एफ१२ दाबायचं (एचपी असेल तर एफ९) आणि पेनड्राइव्ह निवडायचा. आतल्या डिस्कला धक्काही लागत नाही. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा, कॅमेरा बघा, आवाज बघा. मग झाकण मिटा, थोडं थांबा, पुन्हा उघडा. झोपलेला लॅपटॉप जागाच झाला नाही, तर काकांना नमस्कार करून पुढचं दुकान गाठायचं.

नवाच हवा असेल तर ‘डॉसवाला’ मागा. विंडोजचे पैसे वाचतात. त्यात असतं ते बहुधा फ्रीडॉस, जिम हॉल या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये सुरू केलेलं. बहुतेक जण ते पहिल्याच दिवशी पुसतात. बिचारं!

थोडा स्थानिक अभिमान: रुपयाचं चिन्ह पवईच्या आयआयटीत शिकलेल्या उदय कुमार यांचं, जुलै २०१० मध्ये मंजूर झालेलं. लिनक्समध्ये रुपयावाला इंडियन कीबोर्ड निवडा, उजवा ऑल्ट आणि ४ दाबा, चिन्ह हजर.

आणि ‘डेव्हलपर म्हणजे मॅकच’ म्हणणाऱ्या मित्रासाठी एक गंमत. २०२२ मध्ये टोरवाल्ड्सने लिनक्सची ५.१९ ही आवृत्ती ॲपलच्या मॅकबुकवरूनच जारी केली. फक्त त्यावर आधी लिनक्स चढवलं होतं.