पंगतीतला उजेड

टिळकवाडीतल्या आमच्या घराला पूर्वी कौलं होती. माजघराच्या छपरात एक काचेचं कौल बसवलेलं होतं. त्यातून उतरलेला उन्हाचा चौकोन सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर असायचा आणि दुपारी जमिनीवर यायचा. त्या चौकोनाचं कौतुक सगळ्यांना होतं, पण खोलीत दिसायचं ते त्याच्यामुळे नव्हे, भिंतींमुळे. चुना दिलेल्या भिंती तो उजेड झेलून कोनाड्याकोनाड्यात पोचवत. हे तेव्हा कळलं नव्हतं. कळलं ते कौलं जाऊन स्लॅब आला, स्लॅबखाली पीओपीचं खोटं छत आलं आणि त्यात मी हौसेने चार गोल डाउनलाईट बसवून घेतले तेव्हा.

पहिल्या संध्याकाळी बटण दाबलं. जमिनीवर चार लख्ख वर्तुळं पडली आणि भिंतींचा वरचा अर्धा भाग काळोखात गेला. सोफ्यावर बसलेल्या पाहुण्यांच्या डोळ्यांखाली अशा सावल्या, की ते चार रात्री जागलेले वाटावेत. बायको म्हणाली, "हे घर आहे की सोन्याचं दुकान?" दिवे चांगले होते, वॅटही कमी नव्हते. चूक निवडणाऱ्याची होती, म्हणजे माझी. उजेड पुरेसा असणं वेगळं आणि सारखा असणं वेगळं, हे मला ठाऊकच नव्हतं.

जुना पिवळा बल्ब ह्या बाबतीत उदार होता. तारेतून निघालेला प्रकाश तो वर, खाली, आजूबाजूला, सगळीकडे फेकायचा. निम्मा आढ्याला आणि भिंतींना जायचा आणि तिथून परत यायचा. एलईडीचा स्वभाव तसा नाही. ती मिलिमीटर-दोन मिलिमीटरची सपाट चकती. वरचा पिवळा थेंब पाहिलात तर आतली निळी चिप दिसतही नाही. चिप निळा प्रकाश देते, पिवळा लेप त्यातल्या काहीचा पिवळा करतो आणि दोघं मिळून आपल्याला पांढरा दिसतो. ह्या निळ्या चिपसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. लगेच पुढच्या जानेवारीत आपल्याकडे स्वस्त एलईडी बल्बांची 'उजाला' योजना आली. आमच्या कर्नाटकात तिचं नाव 'होस बेळकु', म्हणजे नवा उजेड. नाव चोख होतं, कारण हा उजेड वागतोच नव्या तऱ्हेने. चकती सपाट, पाठ बंद, त्यामुळे प्रकाश फक्त पुढच्या बाजूला. समोर सर्वांत जास्त, तिरकं जावं तसा कमी, ६० अंशांवर बरोबर निम्मा. योहान लॅम्बर्ट ह्या गणितज्ञाने १७६० साली मांडलेला हा नियम. विजेचा दिवा तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

ह्या नियमाचा फटका कसा बसतो ते पाहायचं तर कॅरमकडे चला. गणपतीच्या मंडपामागे, पोरं रात्री उशिरापर्यंत खेळतात तो कॅरम. खेळायची जागा ७४ सेंटिमीटर चौरस, म्हणजे मधल्या वर्तुळापासून कोपऱ्यातलं भोक साधारण ५२ सेंटिमीटरवर. मधोमध ६० सेंटिमीटर उंचीवर एक सपाट एलईडी दिवा टांगा. राणी झगमगते, पण कोपऱ्यात उजेड पोचतो तो मधल्याच्या जेमतेम तिसरा हिस्सा. कारणं तीन, आणि तिन्ही एकदम चावतात. कोपरा दिव्यापासून लांब, म्हणून उजेड कमी. तो तिरका पडतो, म्हणजे तेवढाच प्रकाश जास्त जागेवर पसरतो, म्हणून आणखी कमी. आणि दिवा मुळातच कडेला कमी देतो, म्हणून त्याहून कमी. ४५ अंशांच्या तिरक्या रेषेवर अंतरामुळे उजेड निम्मा होतो, उरलेली दोन कारणं मिळून त्याचा पुन्हा निम्मा करतात, हाती राहतो पाव.

मग दिवा वर घ्या. उंची दुप्पट, १२० सेंटिमीटर केली तर कोपऱ्याला मधल्याच्या सत्तर टक्के मिळतात. छान सारखं झालं! फक्त राणीवरचा उजेड आता पूर्वीच्या पावपट उरला. सारखेपणा फुकट मिळत नाही, ह्याची पहिली पावती ती.

दुसरा उपाय म्हणजे एकाऐवजी अनेक दिवे. ते किती अंतरावर लावावेत ह्याचं उत्तर फार सुंदर ठिकाणाहून येतं. १९१६ साली कॅरोल स्पॅरो ह्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाला प्रश्न पडला होता तो नेमका उलटा: वर्णपटातल्या दोन रेषा, किंवा दुर्बिणीतले दोन तारे, एकमेकांच्या इतके जवळ आले की दोन आहेत हे कळेनासं होतं, ती हद्द कोणती? त्याचं उत्तर होतं की दोन शिखरांमधली खाच जिथे नेमकी बुजून सपाट होते, तीच हद्द. खगोलवाल्यांना त्या हद्दीच्या बाहेर राहायचं असतं, दोन तारे वेगळे दिसायला हवेत म्हणून. दिवेवाल्यांना आत यायचं असतं, दोन दिवे एक दिसायला हवेत म्हणून. हिशेब केला तर लॅम्बर्टच्या नियमाने वागणाऱ्या दोन एलईडींमधली खाच बुजते ती त्यांच्यातलं अंतर पृष्ठापासूनच्या उंचीच्या ०.८९ पट असताना. दिवे १० सेंटिमीटर वर, तर एकमेकांपासून फार तर ९ सेंटिमीटर.

हे गणित आपण लहानपणी हाताने केलेलं आहे. दिवाळीचा आकाशकंदील आठवा. जिलेटीनचा केला तर आतला बल्ब नागडा दिसायचा, पतंगी कागदाचा केला तर सगळा कंदील मऊ उजळायचा. जिलेटीन प्रकाशाला सरळ जाऊ देतं आणि पतंगी कागदाचे धागे त्याला दाही दिशांना विखुरतात. पण त्यातही कंदील अरुंद झाला, बल्ब कागदाला फार जवळ आला, की तिथे एक भगभगीत ठिपका पडायचाच. विखुरायला कागद हवा आणि पसरायला पोकळी हवी. छताच्या दिव्याला दोन्ही हवं असतं, आणि आपल्याला दिवा हवा असतो चपातीसारखा पातळ.

इथे खरी गंमत सुरू होते. दोन फुटी चौकोनी पॅनेल मागे एलईडी लावून उजळायचं आणि जाडी दोनच सेंटिमीटर ठेवायची, तर स्पॅरोच्या हिशेबाने, जाळीत मिळणारी थोडी सूट धरूनही, शेकडो एलईडी लागतील. काही कारखानदार प्रत्येक एलईडीवर एक छोटं भिंग बसवतात. ते समोरचा प्रकाश मुद्दाम कडेला ढकलतं, आणि मग कमी एलईडींत भागतं. पण दुसरी एक युक्ती आहे, आणि ती मला आमच्या स्वयंपाकघरातलं पॅनेल बंद पडल्यावर दिसली.

वायरमनने ते उतरवलं, नवं चढवलं आणि जुनं भंगारात टाकायला निघाला. मी मागून घेतलं आणि पडवीत पेपर अंथरून मागचे स्क्रू काढले. पत्र्याचं झाकण, फोमचा तुकडा, त्याखाली पांढरा चकचकीत कागद. एलईडी कुठेच नाहीत! त्या होत्या चौकटीच्या समोरासमोरच्या दोन कडांना, आत तोंड करून, एका पट्टीवर ओळीने. मधल्या सगळ्या जागेत फक्त एक अॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा आणि त्याच्यापुढे दुधी पडदा. अॅक्रिलिक उचलून उन्हात तिरकं धरलं तेव्हा ते दिसले: पाठीवर छापलेले हजारो पांढरे ठिपके. कडेला मोहरीहून बारीक, विरळ, आणि मध्याकडे जावं तसे मोठे होत जवळजवळ एकमेकांना टेकलेले. वायरमन थांबून म्हणाला, "सर, काय बघूलालाय एवढं त्यात?"

ते असं. अॅक्रिलिकमधून हवेत जाताना प्रकाश पृष्ठावर ४२ अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला तर तो बाहेर पडत नाही, आरशावरून यावा तसा पूर्ण आत परततो. शाळेत ह्याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. आता कडेतून शिरलेला किरण पाहा. शिरताना तो वाकतो, आणि कितीही वाकडा शिरला तरी वरच्या-खालच्या पृष्ठावर कमीत कमी ४८ अंशांनी आदळतो. ४८ हे ४२ पेक्षा जास्त. म्हणजे कडेतून आत आलेल्या एकाही किरणाला वरून वा खालून सुटका नाही! ठिपके नसते तर सगळा प्रकाश टप्पे खात समोरच्या कडेला गेला असता आणि पत्रा मधे काळा दिसला असता.

ठिपका ही त्या तुरुंगातली फट. पांढऱ्या शाईवर आदळलेला किरण वाटेल त्या दिशेला उधळतो, त्यातला काही ४२ अंशांच्या आत येतो आणि खोलीत उतरतो. फटी सगळीकडे सारख्या ठेवल्या तर कडेजवळ उजेडाचा लोंढा आणि मध्यात दुष्काळ. म्हणून ठिपके वाढत जातात. हे पंगतीत वाढणाऱ्याचं गणित आहे. दहा पानं आणि परातीत मोजून दहा लाडू. पहिल्या पानावर परातीचा दहावा हिस्सा वाढायचा, दुसऱ्यावर उरलेल्याचा नववा, तिसऱ्यावर आठवा, नवव्यावर निम्मा आणि शेवटच्या पानावर असेल तेवढं सगळं. प्रत्येकाला लाडू एकच, पण वाढप्याचा हिस्सा दर पावलाला वाढतो. आमच्या पॅनेलमध्ये दोन्ही बाजूंनी वाढपी निघतात आणि मध्यावर भेटतात, म्हणून सर्वांत मोठे ठिपके मध्यावर. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरलात तर असेच लहानमोठे ठिपके दिसतात. पडवीत अंथरलेल्या 'तरुण भारत'वर ताडून पाहिलं. तिथे मोठा ठिपका म्हणजे काळोख, इथे मोठा ठिपका म्हणजे उजेडाला वाट.

मागचा पांढरा कागद चुकून मागे सुटलेला प्रकाश परत आत ढकलतो आणि दुधी पडदा ठिपक्यांच्या खुणा पुसतो. बाकी ड्रायव्हर, वायर, चौकट. ठिपक्यांचा नकाशा आखणारा कोण, कुठल्या गावचा, देव जाणे. पण त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

एक गोष्ट त्या नकाशावाल्याच्या बाजूने आहे, ती म्हणजे आपला डोळा. दुपारचं ऊन लाखभर लक्स, पौर्णिमेचं चांदणं पाव लक्स, आणि डोळा दोन्हीत चालतो. त्यामुळे खोलीच्या एका टोकाला उजेड दुसऱ्याच्या दुप्पट असला, पण फरक हळूहळू पडत गेला असला, तर तो कळतही नाही. कळते ती कड. एर्न्स्ट माख, ज्याच्या नावाने आपण विमानांचा वेग मोजतो तोच, त्याने १८६५ साली दाखवलं की उजेड जिथे अचानक बदलतो तिथे डोळा तो बदल वाढवून सांगतो, नसलेल्या पट्ट्याही रंगवतो. माझ्या डाउनलाईटचा गुन्हा हाच होता. कमी-जास्त उजेड हे एक वेळ चाललं असतं, पण त्या चार वर्तुळांना धारदार काठ होते.

आणि भिंती. त्यांचा हिशेब मी सर्वांत शेवटी केला, करायला हवा होता सर्वांत आधी. पांढरी भिंत पडलेल्या प्रकाशाच्या ऐंशी टक्के परत देते. ते ऐंशी दुसऱ्या भिंतीवर जातात, तिथून चौसष्ट परततात, मग एक्कावन्न. चारी बाजूंनी अशाच भिंती असलेली बंद खोली कल्पिली तर ही सगळी बेरीज पाचपट होते. भिंत निम्माच प्रकाश परत देणारी, गडद रंगाची असली तर बेरीज दुप्पटच. खरी खोली खिडक्या, पडदे, कपाटं ह्यांनी ह्याहून कंजूष असते, पण दिशा तीच. १९०० च्या सुमारास रिचर्ड उलब्रिख्त ह्या जर्मन अभियंत्याने ह्याच तत्त्वावर आतून पांढरा पोकळ गोळा केला. गोळ्यात ठेवलेला दिवा कुठेही झोत टाकू दे, गोळ्याची भिंत सगळीकडे सारखी उजळते. दिव्यांचा एकूण प्रकाश आजही अशाच गोळ्यात मोजतात. आमच्या माजघरातला चुना दर दिवाळीला नवा व्हायचा, आणि तो होता न चकाकणारा, प्रकाश दाही दिशांना विखुरणारा. काचेच्या कौलातून आलेला एक चौकोन त्याला पुरायचा.

हॉलच्या भिंती मी गेल्या साली गर्द विटकरी केल्या होत्या. फोटोत छान येतात. आता पुन्हा पांढऱ्या केल्या आणि दोन डाउनलाईट काढून पीओपीच्या कडेला, आढ्याकडे तोंड करून, एक एलईडी पट्टी लावली. वॅट पूर्वीपेक्षा कमी. पाहुण्यांच्या डोळ्यांखालच्या सावल्या गेल्या.

तुमच्याकडचं पॅनेल बंद पडलं तर भंगारवाल्याला देण्याआधी मागचे स्क्रू काढा, अॅक्रिलिकचा पत्रा उन्हात तिरका धरा आणि कडेपासून मध्यापर्यंत ठिपके कसे वाढत जातात ते पोरांना दाखवा. तेवढं उतरवताना मात्र मेन स्विच बंद करा.