सोळावा अंक

पेढीवर आलेले पत्र कोणत्या भाषेत आहे, हे मुनीम पाहताक्षणी ओळखतो. संगणकाला ती सोय नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये केवळ संकेतांकांची ओळ असते. ती कोणत्या लिपीची, कोणत्या प्रकारची, हे फाइलमध्ये सहसा कोठेही नोंदलेले नसते. उघडणारा प्रोग्रॅम तर्क करतो, आणि तर्क चुकला तर तसे सांगतोच असे नाही.

गोंदिया हा धानाचा जिल्हा. उत्तरेस मध्य प्रदेश, पूर्वेस छत्तीसगड. म्हणून येथे मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांतील याद्या हाताळाव्या लागतात. जुन्या याद्या कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतील, तर त्यांत देवनागरी मुळात नसतेच. रोमन अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा असतो. वर्डमधून त्या साध्या मजकुरात जतन केल्या की मुखवटा गळतो आणि 'क'च्या जागी रोमन 'डी' उरतो. युनिकोडमधील अक्षरे खरी देवनागरी असतात. परंतु यूटीएफ-८ पद्धतीत 'गोंदिया' या शब्दाची ७ चिन्हे २१ बाइट घेतात. एक्सेलने ती फाइल जुन्या इंग्रजी पद्धतीची समजून उघडली, की नावांच्या जागी विचित्र रोमन अक्षरांची रांग उभी राहते.

ही चूक निदान डोळ्यांना दिसते. आकड्यांची दिसत नाही, आणि नुकसान तेथेच होते.

डाळींचा एचएसएन संकेतांक ०७१३. स्वल्पविरामांनी विभागलेली सीएसव्ही यादी एक्सेलमध्ये थेट उघडली की तो ७१३ होतो. खाते क्रमांकाची गोष्ट अधिक गंभीर. एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच जपते. १६ अंकी खाते क्रमांक प्रथम घातांकाच्या रूपात आखडलेला दिसतो; स्तंभ 'नंबर' प्रकारचा केला की सोळाही अंक पुन्हा दिसू लागतात आणि मनुष्य निश्चिंत होतो. मात्र ४७ ने संपणारा क्रमांक आता ४० ने संपत असतो. तशीच फाइल जतन केली, तर मूळ अंक त्या फाइलमधून कायमचा गेला.

एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, नावावरून नव्हे. पैसे पाठवण्यापूर्वी खातेदाराचे नाव पाहण्याची सोय २०२५ मध्ये आली. ती वापरण्याचा कंटाळा करू नये.

आणखी एक गमतीचा दोष. यादीचा पहिलाच मथळा मोठ्या रोमन अक्षरांत 'आयडी' असेल, तर एक्सेल त्या फाइलला 'सिल्क' या १९८०च्या दशकातील प्रकारातील समजते आणि तक्रार करते. मथळा बदलला की तक्रार संपते. उलट, संकेतस्थळांवरून उतरवलेले काही उतारे 'एक्सएलएस' नावाचे असूनही आत साधा मजकूरच असतात. तेथे नाव आणि प्रकार जुळत नसल्याचा इशारा येतो, आणि बहुतेक जण तो न वाचताच 'होय' दाबतात.

उपाय एवढाच, की फाइलवर दोनदा क्लिक करून ती उघडू नये. एक्सेलमधील 'डेटा' विभागातून मजकूर आयात करावा, मूळ पद्धत '६५००१ यूटीएफ-८' निवडावी आणि खाते क्रमांक, एचएसएन व मोबाइलचे स्तंभ 'टेक्स्ट' ठरवावेत. मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करावे. देयके पाठवण्याआधी १६ अंकी क्रमांकांची शेवटची अक्षरे नजरेखालून घालावीत. ओळीने सर्वच शून्याने संपत असतील, तर यादी तेथेच थांबवावी.